वाटी खाली ठेवायची नाही

माय,

तुला दुसऱ्याच्या हातचं काही म्हणता काही पटायचं नाही. हे तोंडावर सांगायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून आता मी सांगते. शेजारणीनं निवडून दिलेली ज्वारी तू पुन्हा निवडायचीस. मी घासलेला तांब्या माझ्यादेखत पुन्हा राखेत घालायचीस. बाजाराच्या दिवशी बाबा वांग्यांची टोपली गाडीत ठेवायचे, ती तू उतरवायचीस आणि परत त्याच जागी ठेवायचीस. बाबा वैतागून म्हणायचे, "हे बाई मेल्यावर सोताच्या तिरडीच्या गाठी सोताच बांधन." त्यावर तू म्हणायचीस, "बांधीनच! तुमच्या गाठी कोन्त्या पक्क्या ऱ्हायतेत?" तू गेलीस त्या दिवशी गाठ मारता मारता बाबांना हे आठवलं आणि सगळ्यांसमोर त्यांना हसू फुटलं. मग ते इतके रडले की गाठ दुसऱ्यालाच मारावी लागली. तुला आवडली नसती ती गाठ.

परवा धाकट्याची मुलगी मला विचारत होती, "आत्या, गावात गेलं की म्हातारी मानसं बाबाले पाहून हसतेत काऊन?" तिचा बाबा आता मोठा माणूस झाला आहे, आदिलाबादला त्याचं बियाण्याचं दुकान आहे, लोक त्याला शेठ म्हणतात. गावात मात्र त्याला बघून बायका पदर तोंडाला लावतात. मी तिला सगळं सांगितलं. सांगता सांगता लक्षात आलं की यातला सगळ्यात चांगला भाग तुला कुणी नीट सांगितलेलाच नाही, कारण तेव्हा तू झोपली होतीस. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी सातवीत होते आणि धाकटा चार वर्षांचा. श्रावणातला सप्ताह बसला होता. मारुतीच्या देवळात भजनी मंडळाची वीणा उभी होती, म्हणजे कुणी ना कुणी ती गळ्यात घेऊन सात दिवस, रात्रंदिवस, आळीपाळीनं उभं. प्रत्येकाचा पहारा ठरलेला. पहारा संपला की दुसरा येणार, दोघं एकमेकांच्या पाया पडणार, आणि वीणा एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात. खाली टेकवायची नाही. लहान-मोठा बघायचा नाही, नातवाच्या वयाच्या पोरासमोरही म्हाताऱ्यानं वाकायचं. मंडळाचे बुवा त्या बाबतीत फार कडक. त्यांच्या शेतात तण माजलं तरी चालेल, पण पहाऱ्याला खंड पडलेला त्यांना चालायचा नाही. आणि त्या सप्ताहातच पाऊस असा लागला की गावाच्या दोन्ही अंगांनी वागू भरून वाहायला लागला. तेलुगू मास्तर आल्यापासून आम्ही पोरं नाल्याला वागूच म्हणायचो, तुला ते आवडायचं नाही. विहिरीत गढूळ पाणी उतरलं, आणि दोन दिवसांत घरोघरी जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. 'हैजा', म्हणजे पटकी, हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं, पण सगळ्यांच्या तोंडावर तोच होता.

वाट पुरती बंद व्हायच्या आधी सरकारी दवाखान्याची सिस्टर कशीबशी येऊन पोचली होती. तिची भाषा तेलुगू, आपल्याशी ती बाजारातली हिंदी बोलायची. शाळेच्या ओट्यावर तिनं सगळ्यांना गोळा केलं, तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी घेतलं, त्यात मूठभर साखर आणि चिमूटभर मीठ टाकलं, आणि वाटी-चमच्यानं एका पोराला पाजून दाखवलं. "थोडा थोडा पिलाओ. उल्टी हुई तो भी पिलाओ. बंद नक्को करो, बिल्कुल बंद नक्को करो." मग तिनं हातानं खूण करून सांगितलं, की पोराला लघवी झाली की समजा, जीव वाचला. बायका लाजल्या. तोपर्यंत आपल्याकडे रीत उलटीच होती, जुलाब लागले की माणसाचं पाणीच तोडायचे. सिस्टरला पुढच्या गावांत जायचं होतं. ती गेली आणि तिच्या पाठीमागं वाट बंद झाली.

संध्याकाळी देवळात सगळे जमले. काहीजण म्हणाले, एवढी माणसं आजारी आहेत, सप्ताह आटपा. काहीजण म्हणाले, सप्ताह मोडला तर आणखी कोप होईल. बुवा खांबाला टेकून दोन्ही बाजू ऐकत होते. मग म्हणाले, "सिस्टर काय बोलली? बंद नाई कराचं. म्हंजे अखंड. आपल्या मंडळाले दुसरं येते तरी काय? खंड पडू द्याचा नाई. ना इथं, ना तिथं." आणि त्यांनी तिथल्या तिथं वाटणी केली. चिखलात चालवत नाही अशा म्हाताऱ्यांनी देवळात वीणा सांभाळायची. बाकी सगळ्यांनी, बायकांनीसुद्धा, घरांच्या ओळीनं आजाऱ्यांच्या खाटेपाशी पहारे द्यायचे. काल्यासाठी आणलेली मंडळाची साखर आणि गूळ वाटला गेला. पंगतीच्या मोठ्या गंजात देवळामागं पाणी उकळायला लागलं. भोंग्यावरून दोन भजनांच्या मधे बुवा ओरडायचे, "इहिरीचं पानी कच्चं पिऊ नोका हो! उकळेल पानी देवळातून न्या!" आणि लगेच टाळ सुरू.

पण सिस्टरचं बोलणं बुवांनी जरा जास्तच मनावर घेतलं. त्यांचा हुकूम निघाला की वाटीसुद्धा वीणेसारखीच. खाली टेकवायची नाही. पहारा बदलताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं आणि वाटी हातातून हातात द्यायची. सिस्टरनं असं काही सांगितलेलं नव्हतं. पण त्या आठवड्यात अख्ख्या गावात कुणी वाटी जमिनीला लावली नाही. चुलत्याच्या खाटेजवळ पुतण्या, सुनेच्या उशाशी सासरा, शाळेच्या मास्तराजवळ त्यानंच छड्या मारलेला विद्यार्थी, आणि सगळे वाटी उंच धरून एकमेकांपुढे वाकत होते. एकदा मला इतकं हसू आलं की तू माझ्याकडे बघितलंस आणि मी हंड्यामागं तोंड लपवलं.

मग धाकट्याला जुलाब लागले. सकाळी तो अंगणात चिखलाचे बैल करत होता, दुपारी त्याची मान ठरेना. डोळे खोल गेले. पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. बाबा देवळात पखवाजावर होते, निरोप गेला तसे धावत आले, आणि दारातच उभे राहिले. तू त्यांना आत येऊ दिलं नाहीस. वाटी तू घेतलीस आणि बसलीस. पहिला पहारेकरी आला, त्याला तू परत पाठवलंस. दुसरीला म्हणालीस, "माहं लेकरू हाय, मी पाहातो." दिवस गेला, रात्र गेली, दुसरा दिवस अर्धा गेला, तू जागची हलली नाहीस. धाकटा रडायचाही थांबला होता. मला भीती वाटत होती, माय. त्याच्यापेक्षा तुझी जास्त वाटत होती, कारण तू बोलतच नव्हतीस आणि तू बोलत नाहीस असं घर मी कधी बघितलं नव्हतं.

ओळीनं पुढचा पहारा काकूचा होता. तुझ्या धाकट्या जावेचा. आता काकूचं आणि तुझं काय होतं ते तुला काय सांगायचं, पण धाकट्याच्या मुलीला सांगितलं तेव्हा ती गडाबडा लोळली, म्हणून लिहिते. आपल्या घरामागच्या बाडीतला कोहळ्याचा वेल कुंपण ओलांडून काकूच्या गोठ्यावर चढला होता आणि तिथं त्याला हे एवढं थोरलं कोहळं धरलं. काकूनं ते काढलं, भाजी केली, आणि शेजारधर्म म्हणून ताटलीभर आपल्याकडे पाठवली! चोरून खाल्लं असतं तर तू सोडून दिलं असतंस. तुझ्याच वेलाचं कोहळं तुलाच दान म्हणून आलं, त्यातही फोडणी करपलेली, हे तुला सोसलं नाही. तेव्हापासून अबोला. त्याआधी धाकट्याच्या जन्मानंतर तू अंथरुणाला खिळली होतीस, तेव्हा त्याला न्हाऊ-माखू घालणारी काकूच होती. अबोला धरल्यावर ती त्याला कुंपणाच्या काट्यांतून बघायची. हे तुला माहीत नव्हतं. तुझी पाठ वळली की तो कुंपणाशी जायचा आणि काकू काट्यांतून शेंगदाणे द्यायची.

तर काकू दारात आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, पदर ओला. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून मला म्हणाली, "पोरी, तुह्या मायले सांग, माहा पहारा हाय."

तू भिंतीकडे बघत म्हणालीस, "पोरी, तिले सांग, घरी जाय म्हना."

मी मधे उभी. दोघींना दोघींचं ऐकू आलेलं, मी काय सांगणार?

"पोरी, सांग तिले, ओळ देवळातून ठरली हाय. मी सोताहून नाई आली."

"सांग, आमच्या घरी गरज नाई कोनाची."

तेवढ्यात तुझा हात कलला. वाटीतलं पाणी धाकट्याच्या गळ्यावर सांडलं. तुझे डोळे उघडे होते, पण तू झोपली होतीस. दचकून जागी झालीस, त्याच्या तोंडाशी चमचा नेलास आणि तो हनुवटीला लागला. काकूनं ते बघितलं. तिनं मला बाजूला केलं आणि आत आली. तीन वर्षांत पहिल्यांदा तुझ्याशी, मला मधे न घालता, बोलली. "बाई, हात कापून राह्यले तुमचे. चमचा तोंडात नाई जाऊन राह्यला लेकराच्या. मले द्या."

"नाई."

"मंग ठेवा खाली. ठेवा. मी उचलून घेतो."

तू वाटीकडे बघितलंस. माय, तू सगळ्या जगाशी भांडली असतीस, पण वाटी खाली ठेवणं तुझ्यानं झालं नसतं. देवळातून भजन ऐकू येत होतं. तुझ्याजवळ दोनच वाटा होत्या, वाटी खाली ठेवायची नाहीतर तिच्या हातात द्यायची, आणि काकूला ते पक्कं ठाऊक होतं. तिनंच तुला त्या कोपऱ्यात गाठलं होतं, तिची हुशारी मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. तू कुडाला धरून उठलीस. काकू तुझ्या पाया पडायला वाकली, ती धाकटी, तिचं ते रीतीचंच. पण पहाऱ्याला तुलाही वाकायचं होतं. धाकट्या जावेपुढं. करपल्या फोडणीवालीपुढं. तू वाटी एका हातात उंच धरलीस आणि वाकलीस, आणि नेमकी त्याच वेळी काकू वर आली. दोघींची डोकी अशी खणकन आदळली की मला चुलीपाशी ऐकू आलं. "मायबाई!" काकू म्हणाली. "डोस्कं हाय का वरवंटा!" तू म्हणालीस. ते एक 'नाई' सोडलं, तर तीन वर्षांनंतर तू तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. मग वाटी तिच्या हातात गेली आणि तू खाटेच्या पायाशी, ओल्या जमिनीवरच, पोत्यासारखी कलंडलीस.

इथून पुढचं तुला माहीत नाही. काकूनं धाकट्याला मांडीवर घेतलं. चमच्याच्या टोकानं त्याच्या ओठांवर थेंब, मग थांबायचं, मग थेंब. त्याला ओकारी झाली की पदरानं पुसायची आणि पुन्हा थेंब. तोंडानं सारखं काहीबाही चालू होतं, त्याला रागवत होती, की काट्यांतून शेंगदाणे मागताना लय जोर होता रे तुले, आता का झालं? तिचा पहारा संपला, पुढची बाई आली, तर तिला काकू म्हणाली, "मले बसू द्या वं, मी लय दिसांनी बसून राह्यली." ती बाई समजली. दिवा लागला, विझला, पुन्हा लावला. पहाटे मी डुलकी घेत होते. आणि काकू एकदम किंचाळली.

"मुतला! मुतला वं, मुतला!"

मी धडपडत उठले. काकूचं सगळं लुगडं ओलं, आणि ती त्या ओल्या लुगड्याकडे अशी बघत होती, जशी कुणी पैठणीकडे बघत नसेल. तू उठली नाहीस. हाका मारल्या, हलवलं, तू कूस बदललीस आणि घोरायला लागलीस. काकू म्हणाली, "निजू दे तिले. एवढं तरी दुसऱ्याच्या हातून होऊ दे." बाहेर बाबा रात्रभर ओट्यावर बसून होते, ते आत आले, धाकट्याच्या कपाळाला हात लावला आणि धाकट्या भावजयीच्या, म्हणजे काकूच्या, पाया पडायला लागले. ती ओरडली, "भाऊजी, तुमी मोठे, काय करून राह्यले!" बाबा म्हणाले, "पहाऱ्याले लहान-मोठं नसते." आणि तिथून ते पळत सुटले, देवळाकडे. पाठोपाठ भोंगा खरखरला. बुवांचा आवाज. अगोदर घसा साफ केला, मग अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं, गंभीरपणे, 'पुंडलिक वरदे' म्हटल्यासारखं सांगितलं की अमक्याच्या धाकट्या पोराले लघवी झाली हाय हो! आणि सगळ्या गल्लीतून, आजाऱ्यांच्या घरांतूनसुद्धा, विठ्ठलाच्या नावाचा गजर उठला. म्हणून हसतात म्हाताऱ्या बायका, माय. तुझा मुलगा शेठ झाला तरी त्याची लघवी गावानं गजर करून साजरी केली आहे.

बुवांची गंमतही राहिली सांगायची. शेवटी ते स्वतः आडवे झाले. त्यांच्या खाटेला पहारे लागले ते मंडळातल्या सगळ्या पोरांचे, ज्यांना त्यांनी ताल चुकला म्हणून टाळांनी मारलं होतं. बुवा काकुळतीला यायचे, "अरे, घडीभर निजू द्या रे, पोट फुटून राह्यलं." पोरं वाटी उंच धरून म्हणायची, "बुवा, खंड पडते." आणि चमचा पुढे.

वागू उतरला तेव्हा सिस्टर चिखल तुडवत आली. पहिल्याच घरात तिनं बघितलं की दोन दांडगे बाप्ये एकमेकांच्या पाया पडताहेत आणि मधे एक वाटी. ती बघतच राहिली. तिला सगळं समजावल्यावर कपाळाला हात लावून ती पायरीवर बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मैं पानी पिलाओ बोली! पाँव पडो कब बोली?" मग डोळे पुसून तिनं सांगितलं. वागूच्या वरच्या अंगाला काही गावांत माणसं दगावली होती. तिथं पाजायला हात कमी पडले होते. आपल्या गावात एकही तिरडी बांधावी लागली नव्हती. जाताना ती बुवांना म्हणाली की पुढच्या गावांत मी हेच सांगणार, पाया पडण्यासकट. खरंच सांगितलं असेल. नव्वद सालानंतर पुन्हा एकदा पूर आला, तेव्हा तलमडुगूच्या बाजूच्या एका गावातली माणसं आजाऱ्यांना पहारे लावून बसली होती, असं मी ऐकलं. त्यांना ते कुणी शिकवलं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आपल्या मंडळानं तर पुढं कुठल्याही संकटात तेवढंच केलं. आधी ओळ ठरवायची, मग रडायचं.

धाकट्याला लघवी झाली त्या दिवशी तू दुपारी उठलीस. धाकटा काकूच्या मांडीवर पेज खात होता. तू जवळ येऊन बसलीस, मी वाट बघत होते की आता भांडण होणार. तू पेजेत बोट बुडवून चाखलंस आणि म्हणालीस, "मीठ कमी हाय." काकू म्हणाली, "मंग टाका." तू टाकलंस. एवढंच. त्या दिवसापासून तुमचा अबोला गेला आणि भांडण आलं, ते तू जाईपर्यंत रोज चाललं, आणि त्या भांडणाशिवाय तुम्हा दोघींनाही चहा जात नव्हता. तुझ्या शेवटच्या महिन्यांत तू कुणाच्या हातचं खाईनाशी झालीस, माझ्यासुद्धा. एका काकूच्या हातचं खायचीस, आणि खाता खाता तिला नावं ठेवायचीस. मी दारात उभी राहून ऐकायची आणि मला आनंद व्हायचा. त्या दिवसांत आनंद झाला हे लिहायला संकोच वाटतो, पण झाला खरा.

हे पत्र काकूच्या पेटीत ठेवावं असं मनात होतं. पण तिला वाचता येत नाही. ती कुणाकडून तरी वाचून घेईल, ते सगळ्या गल्लीला कळेल, आणि फोडणी करपली नव्हती यावरून ती चार दिवस माझं डोकं खाईल. म्हणून माझ्यापाशीच राहू दे. एक सांगायचं राहिलं आहे. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या वर्षी तिच्या ओट्यावर अंबाडी निवडत होते, आणि तिला काहीतरी मागताना माझ्या तोंडून 'माय' निघून गेलं. ठरवून नाही. तिनं मान वर केली नाही. पानं खुडता खुडता म्हणाली, "थे आयकत असन तं चिडन वं." मी म्हटलं, चिडू दे. त्यानंतर मी तिला कधी काकू म्हटलं नाही. तुला सांगायचा धीर मला इतकी वर्षं झाला नाही. आता तिचे डोळे गेलेत, मी गेले की पावलावरून ओळखते आणि म्हणते, आली का माही लेक. आणि मी 'हो' म्हणते. चिडायचं असेल तर चिड, माय, पण आम्हा दोघींवर सारखंच चिड.